एक्सल शाफ्ट : जुन्या जीपमधील दुरुस्ती व बदल

एक्सल शाफ्ट म्हणजे डिफरेन्शियलची (इंजिनाची फिरकी दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाची) फिरकी चाकापर्यंत नेणारा पोलादी दांडा. मागच्या एक्सलच्या नळीत असे दोन दांडे असतात, म्हणून त्यांना हाफ शाफ्ट असेही म्हणतात. आतल्या टोकाचे दाते, म्हणजे स्प्लाइन, डिफरेन्शियलच्या गिअरमध्ये बसतात आणि बाहेरच्या टोकाला चाकाचा हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) येतो. गॅरेजमध्ये ‘एक्सल तुटला’ असे म्हणतात तेव्हा बहुधा हा दांडाच तुटलेला असतो, बाहेरची नळी शाबूत असते.

या दुरुस्तीतली जवळजवळ प्रत्येक अडचण विलीज सीजे-३बी या जीपमध्ये भेटते. १९५३ साली अमेरिकेत आलेली ही उंच बॉनेटची जीप मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने भारतात बनवली, आणि तिकडे उत्पादन थांबल्यावरही ती इथे अनेक वर्षे निघत राहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचा मागचा एक्सल ‘फुल फ्लोटिंग’ होता : गाडीचे वजन नळीवरच्या हबवर आणि शाफ्टकडे फक्त फिरवण्याचे काम. सहा बोल्ट काढले की चाक जमिनीवर असतानाच शाफ्ट ओढून काढता येई. सीजे-३बीचा मागचा एक्सल मात्र ‘सेमी फ्लोटिंग’ आहे. तिथे शाफ्ट फिरतोही आणि मागच्या बाजूचा भारही पेलतो. वाकणे आणि पिळणे एकाच दांड्याच्या वाट्याला येते, ते असे.

पीळ किती, याचा हिशेब सोपा आहे. सीजे-३बीचे हरिकेन इंजिन सुमारे ११४ पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे पीळ, देते. पहिला गिअर (सुमारे २.८), ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा, लो गिअर (२.४६) आणि डिफरेन्शियल (५.३८) यांचा गुणाकार साधारण ३७ होतो. घर्षण सोडले तर एक्सलपाशी चार हजार पाउंड-फूटांहून जास्त. लो गिअर पुढची चाके जोडल्याशिवाय पडत नाही, म्हणजे एरवी भार विभागतो. पण पुढची चाके चिखलात नुसती फिरत असतील आणि मागचे एखादे चाक दगडाला अडले असेल, तर क्लच झटक्यात सोडणाऱ्याला शाफ्ट फार काळ साथ देत नाही.

तरीही एका झटक्याने तुटणारे शाफ्ट कमीच. बहुतेक आधी चिरतात आणि मग महिनोन्‌महिने चालतात. तुटलेला तुकडा पुसून उजेडात धरला की ते दिसते. एका कडेला गुळगुळीत, कधी गंजाने काळपटलेला भाग, त्यावर झाडाच्या वलयांसारख्या एकामागून एक कमानी. उरलेला भाग खरखरीत, चमकत्या कणांचा. कमानी म्हणजे भेग पुढे सरकत गेल्याच्या खुणा आणि खरखरीत भाग शेवटच्या दिवसाचा. कमानी जिथून सुरू होतात तिथे बहुधा काहीतरी सापडतेच : चावीच्या (शाफ्ट आणि हब एकमेकांत अडकवणाऱ्या छोट्या पोलादी पट्टीच्या) खाचेचा धारदार कोपरा, लेथच्या टूलचा ओरखडा, नाहीतर गंजाचा खड्डा. हा तुकडा भंगारात टाकण्याआधी नीट पाहावा. नवा शाफ्ट घालून जुनेच कारण ठेवले तर तेच काम पुन्हा करावे लागते.

या जीपमधले नेहमीचे कारण म्हणजे सैल नट. बाहेरचे टोक निमुळते असते. त्यावर हब घट्ट दाबला जातो आणि पीळ मुख्यतः त्या निमुळत्या पकडीतून जातो, मधली चावी फक्त सोबतीला. नट ढिला पडला की पकड सुटते, सगळा भार चावीवर येतो, आणि गाडी पुढे-मागे घेताना ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. पुढे चावी कातरते किंवा खाचेतून शाफ्ट चिरतो.

तुटल्यावर पहिले काम चाकांमागे दगड लावण्याचे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर आहे. एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरेन्शियल त्या बाजूने मोकळे फिरते आणि ब्रेक ओढूनही गाडी उतारावर निघते. पुढची चाके जोडून घरापर्यंत जाता येते हे खरे, पण फक्त चावी तुटली असेल तर. शाफ्टच तुटला असेल तर चाक एका बेअरिंगवर लटकलेले असते. अशी गाडी ओढून नेतानाही ते चाक उचलूनच न्यावे.

नट चाक जमिनीवर असतानाच सैल करतात. हब मात्र सहजी सुटत नाही, त्याला जाड पुलर (हब ओढून काढणारे हत्यार) लागतो. शाफ्टच्या टोकावर घण घालणे ही सर्रास चालणारी चूक आहे. त्याने आटे फुगतात आणि धक्का बेअरिंगपर्यंत जातो. मग ब्रेकची नळी आणि बॅकिंग प्लेट (ब्रेक ज्यावर बसतात ती तबकडी) काढायची. प्लेटखालच्या पातळ शिम (अंतर जुळवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) जपून ठेवायच्या, कारण शाफ्टची आत-बाहेरची हालचाल त्यांनीच ठरते. ती काही सहस्रांश इंचच असावी लागते, आणि दोन्ही शाफ्टांची आतली टोके मधल्या ठोकळ्याला टेकत असल्याने एका बाजूची शिम बदलली की दुसरीकडेही मोजावे लागते. आत अडकलेला तुकडा चुंबकाने निघतो, नाहीतर मागचे झाकण खोलावे लागते. ते तसेही खोलावेच, कारण तळाच्या ऑइलमध्ये पोलादाचे कण बसलेले असतात.

वेल्डिंगने जोडलेला शाफ्ट मूळ अवस्थेत येत नाही. उष्णता देऊन कडक केलेल्या या पोलादात जोडाच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि पुढची भेग तिथेच पडते. दुरुस्त होण्यासारखे बाकी बरेच असते : ऑइल सीलने पाडलेल्या खाचेवर पातळ स्लीव्ह चढते, बेअरिंगची झिजलेली जागा क्रोम चढवून पुन्हा घासता येते, निमुळता भाग आणि हब व्हॉल्व्ह पेस्टने (घासण्याच्या खरखरीत लेपाने) एकमेकांवर घोळवता येतात. मूळ सुटा भाग मिळत नसेल तर ईएन-२४ सारख्या मिश्रपोलादातून शाफ्ट करून घेतात. तेव्हा दात्यांइतकेच लक्ष जाडी बदलते तिथल्या गोलाईकडे द्यावे लागते, कारण नव्या शाफ्टला भेग तिथूनच सुरू होते. हब आणि शाफ्ट एकसंध असलेले बदली संचही निघाले आहेत. त्यांत चावीच नसते, पण गाडी मूळ रूपात ठेवणाऱ्यांना ते रुचत नाहीत.

बसवताना निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ हवा, ग्रीस नको. नट किमान १५० पाउंड-फूट आवळतात. स्प्लिट पिनचे (नट फिरू न देणाऱ्या दुपाखी पिनचे) भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळायचा, मागे फिरवायचा नाही. शे-दीडशे किलोमीटर चालवल्यावर पिन काढून तो पुन्हा तपासतात, आणि बहुतेकदा तो थोडासा फिरतोच.