पेशी कुठून येते? रॉबर्ट रेमाक आणि पेशी सिद्धांताची पार्श्वभूमी

पेशींचा इतिहास आपण शाळेत चार नावांत शिकतो. १६६५ मध्ये हूकने बुचाचा पातळ काप पाहिला, १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी पेशींचे बनलेले असल्याचे मांडले, आणि १८५५ मध्ये विरशॉने ‘पेशी पेशीपासूनच निर्माण होते’ हे सूत्र दिले. या यादीत रॉबर्ट रेमाकचे नाव नसते, याची मला मनापासून खंत वाटते.

हूकला दिसल्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती. रंगांची झालर न दाखवणारी चांगली भिंगे १८३० च्या सुमारास आली, तेव्हा कुठे पेशीचे अंतरंग उलगडू लागले. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींतील केंद्रकाकडे लक्ष वेधले.

पण नवी पेशी येते कुठून? इथे श्लायडेन आणि श्वान दोघेही चुकले. पाकात खडीसाखरेचे खडे धरावेत तशा निराकार द्रवातून पेशी आकार घेतात, असे ते मानत. हे खरे असते, तर निर्जीवातून जीव आपोआप उपजतो या जुन्या समजुतीलाही आधार मिळाला असता.

बर्लिनमध्ये काम करणाऱ्या रेमाकने १८४१ मध्ये कोंबडीच्या गर्भातील रक्तपेशी दुभंगताना पाहिल्या. तेवढ्यावर तो थांबला नाही. बेडकाची अंडी रसायनांनी घट्ट करून त्याने विभाजन होताना पेशीपटलाचे काय होते तेही तपासले. १८५२ मध्ये त्याने ठामपणे लिहिले: द्रवातून पेशी बनत नाहीत, आणि रोगट गाठींतल्या पेशीही शरीरातल्याच पेशींपासून येतात. तीन वर्षांनी विरशॉने तोच विचार मांडला, पण रेमाकला श्रेय दिले नाही. रोगाचे मूळ पेशीत शोधण्याची दिशा देणे हे विरशॉचे मोठेच काम. तरीही त्या कामाने हा अन्याय झाकला जात नाही.

रेमाक ज्यू होता. प्रशियात, म्हणजे बर्लिन ज्याची राजधानी होती त्या जर्मन राज्यात, ज्यूंना विद्यापीठात शिकवण्याची मुभा नव्हती. राजाकडे अर्ज केल्यावर १८४७ मध्ये त्याला व्याख्याता होता आले, पूर्ण प्राध्यापकपद मात्र कधीच मिळाले नाही. १८६५ मध्ये तो वारला.

पुढे वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने रंगद्रव्ये वापरून केंद्रकातले धागे विभाजनात कसे वाटले जातात ते दाखवले. त्याचा ग्रंथ १८८२ चा. आज गाठीचा तुकडा तपासताना डॉक्टर तिच्या पेशी मुळात कोणत्या ऊतीतल्या हे शोधतात, ते रेमाकने १८५२ मध्ये मांडलेल्या त्याच विधानाच्या आधारावर.