बोआव्हिस्टा: चौकडीच्या जर्सीतला विजेता

पोर्तुगालच्या फुटबॉल लीगचे विजेते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. १९३४ साली लीग सुरू झाल्यापासून बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग या तिघांनीच ती आपसात वाटून घेतली आहे. विजेतेपद या तिघांबाहेर गेलं ते फक्त दोनदा. १९४५-४६ मध्ये लिस्बनच्या बेलेनेन्सेसनं ते मिळवलं आणि २०००-०१ मध्ये पोर्तो शहरातल्याच दुसऱ्या क्लबनं, बोआव्हिस्टानं.

हा क्लब १९०३ चा. ग्रॅहम कापड कारखान्यातल्या इंग्रजांनी पोर्तुगीज कामगारांना सोबत घेऊन तो काढला. पुढे खटका उडाला तो सामन्याच्या वारावरून. इंग्रजांच्या लेखी रविवार देवाचा, तर कामगारांना शनिवारी सुट्टी नाही. शेवटी रविवारवाल्यांची सरशी झाली आणि १९१० च्या सुमारास क्लबला आजचं नाव मिळालं. बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी चौकडीची जर्सी १९३३ मध्ये आली. तीच पुढे क्लबची ओळख झाली.

मानाचे तुरे मात्र बऱ्याच उशिरा मिळाले. प्रशिक्षक जुझे मारिया पेद्रोतो यांच्या हाताखाली १९७५ आणि १९७६ असे लागोपाठ दोन पोर्तुगीज चषक आले. त्यानंतर १९७९, १९९२ आणि १९९७. म्हणजे एकूण पाच चषक, आणि त्यांच्या जोडीला तीन सुपर कप. १९९१ मध्ये युरोपातल्या क्लबांच्या युएफा कप स्पर्धेत पहिल्याच फेरीत त्यांनी गतविजेत्या इंटर मिलानला घरी पाठवलं होतं. म्हणून २००१ चं यश म्हणजे लागलेली लॉटरी, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. १९९८-९९ मध्येही हा संघ दुसरा आलाच होता.

विजेतेपदाच्या वर्षीचे प्रशिक्षक होते जैमे पाशेको. खेळ देखणा नव्हता, चिवट होता. गोलात रिकार्डो, बचावात लितोस आणि पेद्रो इमॅन्युएल, मधल्या फळीत अंगावर धावून जाणारा पेटिट, आणि कल्पकतेचं काम बोलिव्हियाच्या एर्विन सांचेसकडे. ३४ सामन्यांत त्यांनी फक्त २२ गोल खाल्ले. १८ मे २००१ रोजी आपल्या घरच्या बेसा मैदानावर आव्हेसला ३-० हरवून विजेतेपद पक्कं केलं. मग शेवटच्या सामन्यात पोर्तोकडून ४-० असा मार खाल्ला, तरी गुणतक्त्यात ७७ विरुद्ध ७६! एका गुणाची ती सल पोर्तोच्या चाहत्यांना किती टोचली असेल.

पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी साधली. पण तो दिवस होता ११ सप्टेंबर २००१. त्या रात्री फुटबॉलकडे लक्ष कुणाचं असणार? २००३ मध्ये युएफा कपच्या उपांत्य फेरीत बेसावर शेवटची दहा-एक मिनिटं उरली असताना स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या लार्सननं गोल केला. तो झाला नसता, तर सेव्हिलच्या अंतिम सामन्यात पोर्तो शहराचेच दोन संघ समोरासमोर आले असते.

मग सगळंच फिरलं. क्लबची सूत्रं अनेक वर्षं लोरेइरो घराण्याकडे होती: आधी मेजर व्हालेंतिम, नंतर मुलगा जुआंव. युरो २००४ साठी बेसा नव्यानं बांधलं गेलं आणि कर्जाचा डोंगर वाढला. ‘सोनेरी शिट्टी’ या नावानं गाजलेल्या प्रकरणात, पंचांवर दबाव आणल्याच्या आरोपावरून, २००८ मध्ये क्लबला खालच्या श्रेणीत ढकललं गेलं. वर्षभरात संघ तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. इथे एक घोळ नेहमी होतो: ते आरोप २००३-०४ च्या मोसमाबद्दलचे होते, २००१ च्या विजेतेपदाशी त्यांचा संबंध नव्हता. पुढे ती शिक्षाही टिकली नाही, आणि २०१४ मध्ये लीग १८ संघांची करून बोआव्हिस्टाला परत घेतलं गेलं.

जागा परत मिळाली, पैसा नाही. २०२४-२५ मध्ये संघ तळाला राहिला, आणि आर्थिक अटी पूर्ण न झाल्यानं दुसऱ्या श्रेणीतही नोंदणी होऊ शकली नाही. या शतकात बड्या तिघांना मागे टाकून लीग जिंकलेला एकमेव क्लब थेट पोर्तोच्या जिल्हा स्पर्धेत जाऊन पडला.