घडीच्या सायकलची बिजागरी, आणि स्वस्तातली घेण्याआधीची थोडी पार्श्वभूमी

माझी पहिली घडीची सायकल सेकंडहँड होती. घेताना रंग बघितला, गिअर मोजले, गल्लीत एक चक्कर मारली आणि पैसे देऊन मोकळा झालो. तिसऱ्या आठवड्यात पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या दांड्यातून कटकट असा आवाज यायला लागला, आणि महिन्याभरात फ्रेमच्या मधल्या बिजागरीत बोटाला जाणवेल इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला. तेव्हापासून कुणी विचारलं की कमी बजेटमध्ये ऑफिसला न्यायला कुठली फोल्डिंग घेऊ, तर मी ब्रँड सांगायच्या आधी बिजागरीचा इतिहास सांगायला बसतो. समोरचा कंटाळतो, पण माझा नाइलाज आहे, कारण आज बाजारात जी काही स्वस्त फोल्डिंग दिसते ती कुठल्या तरी जुन्या तडजोडीचीच नात-पणती असते.

सुरुवात वाटते त्यापेक्षा खूप जुनी आहे. आज दिसते तशी, दोन सारख्या चाकांची सायकल रूढ व्हायच्याही आधी, १८७८ मध्ये विल्यम ग्राउट नावाच्या इंग्रजाने पुढे भलंमोठं चाक असलेल्या सायकलचं घडीचं मॉडेल काढलं होतं, त्यात त्या चाकाची रिम तुकड्यातुकड्यांत सुटी व्हायची आणि सगळं सामान एका पेटीत जायचं. आता हे म्हणजे घडी कमी आणि पसारा जास्त. पण सायकल दाराच्या आत कशी घ्यायची हा प्रश्न तेव्हाही होताच.

नंतरची बरीच वर्षं घडीची सायकल सांभाळली ती सैन्याने. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये जेरार नावाचा एक लष्करी अधिकारी आणि मोरेल नावाचा कारखानदार यांनी मधोमध दुमडणारी सायकल आणली, शिपायाने ती चालवायची आणि रस्ता संपला की पाठीवर टाकून चालायचं. पहिल्या महायुद्धात इटलीच्या बेर्सालिएरी पलटणीकडे बियांकीच्या घडीच्या सायकली होत्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी हजारोंनी फोल्डिंग सायकली बनवल्या. त्यांची फ्रेम दोन वाकवलेल्या समांतर नळ्यांची, प्रत्येक नळीवर एक बिजागरी आणि ती आवळायला हाताने फिरवायचा पंखवाला नट. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाचे सैनिक खांद्यावर सायकली घेऊन उतरतानाचे फोटो आहेत, त्या याच. सैन्याला काय हवं होतं ते बघा: चाकं पूर्ण मोठी, घडी एकदाच घालायची, वजन गेलं खड्ड्यात. रोज सकाळ-संध्याकाळ ट्रेनमध्ये चढवायची सायकल हा विचारच त्यात नव्हता.

तो विचार यायला चाक लहान व्हावं लागलं, आणि गंमत म्हणजे ज्या माणसाने चाक लहान केलं त्याला घडीत फारसा रस नव्हता. अ‍ॅलेक्स मोल्टन हा इंजिनिअर, मिनी मोटारीचं रबरी सस्पेन्शन याचंच. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा तो सायकलकडे वळला आणि १९६२ मध्ये त्याने १६ इंची चाकांची सायकल बाजारात आणली. लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं, म्हणून त्याने पुढे-मागे सस्पेन्शन दिलं, आणि लहान चाक ओढायला जड जाऊ नये म्हणून टायर अरुंद, जास्त हवेचा. ही दोन्ही उत्तरं एकत्रच चालतात हे महत्त्वाचं. कारण मग रॅले कंपनीने १९६५ मध्ये त्याला टक्कर द्यायला आरएसडब्ल्यू १६ काढली, सस्पेन्शनचा खर्च वाचवला आणि त्याऐवजी जाडजूड, कमी हवेचे टायर लावले. बसायला मऊ, पण चालवायला चिखलातून गेल्यासारखी. १९६८ च्या रॅले ट्वेंटीत त्यांनी चाक २० इंची केलं, टायर जरा शहाणे लावले, आणि पुढे त्यातच मधे बिजागरीवालं मॉडेलही आलं. खाली वाकलेली एकच जाड नळी, मधोमध एक बिजागरी, २० इंची चाकं. ओळखीचा वाटला ना हा आकार?

तोच आकार त्या काळात युरोपभर पसरला. इटलीत १९६४ ची ग्रात्सिएल्ला, पश्चिम जर्मनीत क्लापराड म्हणून गाडीच्या डिकीत टाकायच्या सायकली, पोलंडमध्ये विग्री, सोव्हिएत युनियनमध्ये कामा. सगळ्या स्वस्त, सगळ्या लोखंडी, सगळ्या जड, आणि मधली बिजागरी झिजली की सगळ्या सापासारख्या वळवळणाऱ्या. फोल्डिंग म्हणजे डुगडुगणारी सायकल हे जे आपल्या डोक्यात बसलंय ना ते मला वाटतं इथूनच आलंय.

सत्तरच्या दशकात पुन्हा तेल महागलं आणि पुन्हा लोक सायकलकडे वळले (सायकलचं नशीब बघा, पेट्रोल महागलं की हिची आठवण). ब्रिटनमध्ये हॅरी बिकर्टनने अ‍ॅल्युमिनियमची, उचलायला अगदी हलकी फोल्डिंग केली होती, पण चालवताना ती लवायची. ती बघून अँड्र्यू रिची नावाच्या केंब्रिजला शिकलेल्या इंजिनिअरला वाटलं, हे यापेक्षा बरं करता येईल. लंडनच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी चर्चसमोर त्याचा फ्लॅट होता, तिथेच त्याने नमुने बनवले आणि सायकलचं ब्रॉम्प्टन हे नावही तिथूनच आलं. मोठ्या कंपन्यांनी नाही म्हटलं, १९७९ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, आणि सलग मोठं उत्पादन सुरू व्हायला १९८८ च्या आसपासचा काळ उजाडला.

ब्रॉम्प्टनची करामत काय तर मागचं चाक फ्रेमखाली झुलतं, पुढचं शेजारी येतं आणि चेन दोन चाकांच्या मधे लपते. म्हणजे गर्दीत शेजारच्याच्या पँटला ग्रीस लागत नाही. ऐकायला फालतू वाटतं, पण रोज ट्रेनने जाणाऱ्याला विचारा.

दुसरीकडे कॅलिफोर्नियात डेव्हिड हॉन हा लेझरवर काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ त्याच तेलटंचाईने वैतागून फोल्डिंगच्या मागे लागला आणि १९८२ मध्ये भावाबरोबर डाहोन कंपनी काढली. कारखाना तैवानमध्ये. त्याने जुनी मधली बिजागरी सोडली नाही, तीच पुढे सुधारत नेली, पाना-नट जाऊन एका झटक्यात बंद होणारी खटक्याची दांडी आली, सीटची लांब नळी आणि दुमडणारा हँडलचा दांडा आला. आज कमी किमतीत जे मिळतं त्यातलं बहुतेक सगळं या घराण्यातलं आहे, नाव कुठलंही चिकटवलेलं असो.

म्हणून मी बिजागरीवर अडून बसतो. या घराण्यात सगळा भार दोन ठिकाणी येतो, फ्रेमचा मधला जोड आणि हँडलच्या दांड्याचा खालचा जोड, आणि किंमत कमी करायची तर बनवणारा हात आखडता घेतो तोही बरेचदा तिथेच. घ्यायला गेलात की पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट जोडाच्या फटीवर ठेवा. टिकटिक लागली तर दांडी उघडा, तिचा स्क्रू थोडा आवळा, पुन्हा बंद करा. दांडी बंद करताना शेवटच्या टप्प्यात तळहाताने जोर लावावा लागला पाहिजे. आवळूनही टिकटिक राहिली, किंवा आवळायला स्क्रूच नसेल, तर पुढे बोलायचंच नाही.

गिअरचा किस्साही मोल्टनच्या लहान चाकापासून आलेला. २० इंची चाकाचा घेर साधारण दीड मीटर, नेहमीच्या मोठ्या चाकाचा दोन मीटरच्या वर. त्यामुळे पायडलजवळची पुढची दातेरी चकती मोठी लागते. ५२ दात पुढे आणि १३ मागे असतील तर पायडलच्या एका फेरीत सहा मीटर जाता. स्वस्तात बरेचदा पुढे ४६ आणि मागे सगळ्यात लहान १४ असते, म्हणजे पाच मीटरही नाही, सपाट रस्त्यावर पाय नुसते गरगर फिरतात. गिअर किती हे मोजण्यापेक्षा (मी तेच केलं होतं) दात मोजा.

आणि टायरवर बारीक अक्षरात लिहिलेला आकडा वाचा. २० इंची म्हणून दोन वेगळी मापं (रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये) विकली जातात, ४०६ आणि ४५१, आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ४०६ हे बीएमएक्स सायकलचं माप, त्यामुळे कुठेही टायर मिळतो. १६ इंचीतही ३०५ आणि ३४९ असा तोच घोळ, ब्रॉम्प्टनचं ३४९.

ब्रॉम्प्टनच्या पेटंटची मुदत संपल्यावर तीन घड्यांच्या तशाच दिसणाऱ्या स्वस्त सायकली निघाल्या. मग भांडण कॉपीराइटवर गेलं, आणि २०२० मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलं की आकार तांत्रिक कामासाठी लागत असला तरी त्यात बनवणाऱ्याची स्वतःची कल्पकता असेल तर कॉपीराइट मिळू शकतो, पुढचं खालच्या कोर्टाने ठरवावं. यातल्या काही सायकली चांगल्याही आहेत म्हणतात, पण बिजागऱ्या तितक्या जास्त, आणि प्रत्येकीवर बोट ठेवून बघायला हवं.

मी स्वतः दुसऱ्या वेळी पुन्हा मधे दुमडणारी २० इंचीच घेतली, ४०६ ची. चेन बाहेरच्या अंगाला राहते, म्हणून ट्रेनमध्ये चढायच्या आधी तिच्यावर एक जुना उशीचा अभ्रा चढवतो. काळाकुट्ट झालाय, आणि घरात तो धुवायला कुणी हात लावत नाही.