गोधडीला विरलेलंच लुगडं का लागतं?

धड कपडे बोहारणीला जायचे आणि त्यांच्या बदल्यात पातेलं यायचं. विरलेलं लुगडं मात्र तिला कोणी देत नसे, तीही घेत नसे. ते गोधडीसाठी राखलेलं असायचं. यात काटकसर होतीच, पण गोधडीला खरं तर विरलेलंच कापड हवं असतं.

नव्या सुती कापडात बहुधा खळ असते. काही धुण्यांत ती निघून जाते. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांबलचक साखळी. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ही साखळी जागोजागी तुटते, आपटून-पिळून धागे सैल पडतात. कापड मऊ होतं आणि कमजोरही. एकटं नेसलं तर टर्रकन फाटेल. पण तेच चार-पाच पदरी अंथरून जवळजवळ धावदोरा घातला, की ताण सगळ्या थरांत वाटला जातो. एकाचं भोक दुसरा झाकतो.

ऊब मात्र कापडाची नसतेच, ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. स्थिर हवा उष्णता फार कमी वाहून नेते. पाणी तिच्या वीसपटीहून जास्त नेतं, म्हणून दमट गोधडी गारढोण लागते.

आता जुन्या कपड्यांचा दुसरा मार्ग पाहा. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांची बटणं-चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात (म्हणजे पुन्हा रंगवायला नको) आणि यंत्रात पिंजून त्यांचं सूत काढतात. ही युक्ती इंग्लंडमधल्या यॉर्कशरची, १८१३ च्या सुमाराची. त्यातून स्वस्त ब्लँकेटं मिळतात, हे खरंच. पण पिंजताना तंतू तुटतो. सुती कापड असं पिंजलं तर अडचण आणखी वाढते: कापसाचा तंतू मुळात जेमतेम तीन सेंटिमीटरचा. तो आखूड झाला की पीळ धरत नाही, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळावं लागतं. माझ्या मते पिंजणं हा शेवटचा उपाय. कापड कापड म्हणून वापरता येतं तोवर त्याचा तंतू कशाला तोडायचा?

टेरिकॉटचं दुखणं वेगळं. त्यात कापूस आणि पॉलिएस्टर असे गुंतलेले असतात की वेगळे करणं महाग पडतं. गोधडीतही त्याचा फारसा उपयोग नाही: पॉलिएस्टर घाम शोषत नाही. अशा कापडाच्या पिशव्या शिवलेल्या बऱ्या.

आणि गोधडीच विरली तर? तिला उसवत नाहीत. वरून आणखी एक जुनं लुगडं चढवून पुन्हा टाके घालतात, आणि कालची गोधडी आजच्या गोधडीचं अस्तर होते.