ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी परगावी रेशन कसे घ्यावे

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या अनेक कुटुंबांचे गावचे रेशन हंगामभर पडून राहते आणि तीच कुटुंबे फडावर उधारीने किराणा भरतात. गावच्याच कार्डावर देशातल्या कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेऊ देणारी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना 2019 मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली आणि 2022 पासून सर्व राज्यांत लागू आहे, तरीही लोक दुकानातून रिकाम्या हाताने परततात.

कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब गटातले असावे. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो, तर प्राधान्य गटात माणशी 5 किलो धान्य मोफत मिळते. सर्वच केशरी कार्डधारक प्राधान्य गटात नसतात. म्हणून निघण्यापूर्वी कार्डावरचा शिक्का पाहून घ्यावा. कार्डाचा बारा अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून परगावच्या रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा दिला की धान्य मिळते. त्यासाठी वेगळा अर्ज किंवा स्थलांतराचा दाखला लागत नाही. गावच्या कार्डातून नाव मात्र कोणाच्याही सांगण्यावरून कमी करून घेऊ नये, कारण ते पुन्हा चढवताना तहसीलच्या खेपा ठरलेल्याच.

खरी अडचण अंगठ्याची आहे. हंगामभर कोयता चालवून आणि मोळ्या बांधून बोटांच्या रेषा झिजतात, आणि मशीन अंगठा घेत नाही. अशा वेळी दुसरे बोट, कार्डातला दुसरा सदस्य, डोळ्यांची पडताळणी किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी यांपैकी जो पर्याय त्या दुकानात असेल तो मागावा. म्हणूनच चालू मोबाइल क्रमांक आधारला जोडण्याचे आणि प्रत्येक सदस्याच्या ई-केवायसीचे (आधारवरून ओळख पटवण्याचे) काम गाडी भरण्याआधी उरकावे. ई-केवायसी गावच्याच दुकानात करावी लागते, हा गैरसमज आहे; ती कोणत्याही रेशन दुकानात होते.

दुसरा अडथळा नव्या सुनेचा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरली जाते, त्यामुळे सूनही फडावर जाते, पण सुनेचे नाव बहुधा माहेरच्या कार्डातच राहिलेले असते. सासरच्या कार्डात नाव चढवण्यासाठी माहेरच्या तहसील कार्यालयाचा नाव कमी केल्याचा दाखला लागतो आणि तो ऐनवेळी कोणाकडेच नसतो. हा दाखला पावसाळ्यातच काढून ठेवावा. ज्या बाईला घरून निघायला दिवस उरलेले नाहीत तिला ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगणे निष्ठुरपणाचे आहे, हे कार्यालयांनीही ध्यानात घ्यावे.

म्हातारी माणसे गावी राहिली असतील तर प्राधान्य गटाच्या कार्डावरचे काही धान्य गावी आणि उरलेले फडावर उचलता येते. फक्त कोणी किती घ्यायचे हे घरात आधी ठरवावे, नाहीतर आधी पोहोचलेला सगळेच उचलतो. धान्य महिन्याच्या महिन्याला घ्यावे. हंगाम संपल्यावर सगळे एकदम मिळेल, या भरवशावर राहू नये. कर्नाटकात तिथल्या दुकानात येणारे केंद्राचे धान्य मिळते, महाराष्ट्र सरकारने आपल्या कार्डधारकांना जादा काही दिले तर ते तिथे मिळत नाही.

‘परगावच्या कार्डाला माल नाही’ असे उत्तर मिळाले तर दुकानाच्या फलकावरचा क्रमांक लिहून घ्यावा आणि 14445 किंवा 1967 वर तक्रार नोंदवावी. धान्य मिळाल्यावर मशीनची पावती मागून घ्यावी आणि तीवरचे किलो काट्याशी ताडून पाहावेत.