कालप्रवासाच्या कथांमधील दैव आणि इच्छास्वातंत्र्य : पार्श्वभूमी

भूतकाळात गेलेला माणूस घडून गेलेले बदलू शकेल का, हा प्रश्न वरवर यंत्राचा आणि भौतिकशास्त्राचा वाटला, तरी मुळात तो कर्म आणि दैव यांच्या जुन्या वादातला आहे, आणि पुण्यातल्या वाचकाला त्या वादाची ओळख विज्ञानकथेच्या कितीतरी आधीची आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या दहाव्या प्रकरणाचे नावच 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे आहे. पूर्वकर्माचे फळ चुकणार नसेल, तर माणसाला 'अमुक कर, अमुक करू नकोस' असे सांगण्यात अर्थ तरी काय, ही त्या प्रकरणातली अडचण. टिळक संचिताचे, म्हणजे साठलेल्या पूर्वकर्माचे, दोन भाग मानतात: ज्याचा भोग सुरू झाला ते प्रारब्ध आणि ज्याचा अजून सुरू झालेला नाही ते अनारब्ध. वेदान्तातला सुटलेल्या बाणाचा दृष्टान्त येथे लागू पडतो; सुटलेला बाण परतवता येत नाही, भात्यातल्या बाणाचे काय करायचे ते मात्र अजून धनुर्धराच्या हाती असते.

कालप्रवासाच्या कथेत नेमका हाच भेद डळमळतो. मागच्या काळात पोहोचलेल्या माणसाला तोच बाण पुन्हा भात्यात दिसतो, आणि तो कुठे जाऊन लागला याची आठवणही त्याच्यापाशी असते.

एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन'ने १८९५ मध्ये काळाला चौथी मिती मानून या प्रवासाला यंत्र मिळवून दिले खरे, परंतु त्यातला प्रवासी दूरच्या भविष्यात जातो, त्यामुळे आपल्याच भूतकाळात ढवळाढवळ करण्याचा पेच तेथे उद्भवत नाही. तो ठळक झाला १९४० च्या दशकात. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४१ मधील कथेचा नायक स्वतःच्याच निरनिराळ्या वयांतल्या रूपांना भेटतो, तीच भेट एकेका बाजूने पुन्हा जगतो, आणि घडायचे तेच घडते. फ्रेंच लेखक रने बार्जाव्हेल यांनी १९४३ मध्ये उलट टोक गाठले: नायकाच्या हातून स्वतःचाच पूर्वज मारला जातो आणि त्याच्या जन्मालाच आधार उरत नाही. रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ च्या कथेत तर एका फुलपाखराच्या मृत्यूने पुढचे जग बदलते.

गणितज्ञ कुर्ट ग्यॉडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची अशी उकल मांडली, की जिच्यातल्या फिरत्या विश्वात स्वतःच्या भूतकाळात परतणारे मार्ग असू शकतात. त्यानंतर हा पेच केवळ कथाकारांचा राहिला नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९७६ मध्ये दिलेले उत्तर मला आजही सर्वांत समाधानकारक वाटते. आजोबांना मारायला निघालेल्या नातवाकडे बंदूक आहे, नेमही आहे, म्हणून तो त्यांना मारू शकतो. पण आजोबा पुढे जगले हे घडून गेलेले आहे, म्हणून तो मारत नाही. त्याचा पाय घसरेल, बंदूक अडकेल, किंवा ऐन वेळी त्याचे मन बदलेल. म्हणजे त्याचा हात धरणारे कोणतेही दैव मध्ये आणावे लागत नाही. पुढे इगोर नोविकोव यांनी भौतिकशास्त्राच्या बाजूने साधारण हीच अट घातली: काळाच्या वळशात सुसंगत घटनाच घडू शकतात.

दुसरी वाट अनेक विश्वांची. प्रत्येक शक्यता आपापल्या विश्वात प्रत्यक्षात येते, ही भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांची १९५७ मधील मांडणी तिच्या मुळाशी आहे, आणि मराठीत तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. कथेचे नायक गंगाधरपंत, पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक, अपघातानंतर ज्या जगात वावरतात, तेथे १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. आपल्या इतिहासात विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी त्या जगात कानाजवळून निघून जाते. हा मागच्या काळातला प्रवास नव्हे, शेजारच्या प्रवाहातला आहे. पानिपताची हळहळ मराठी मनात अजून ताजी असल्याने आपण ही कथा 'असे झाले असते तर' म्हणून वाचतो, आणि तिच्यातली तात्त्विक बाजू दुर्लक्षित राहते. कथेत दिलेले स्पष्टीकरण इलेक्ट्रॉनच्या अनिश्चिततेचा आधार घेते. गोळी कुठे जाईल हे आधी ठरलेले नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. ते विश्वासरावांनी किंवा गंगाधरपंतांनी ठरवले असे मात्र होत नाही. गंगाधरपंत त्या जगात जातात अपघाताने आणि परततातही स्वतःच्या निर्णयाविना. निश्चिततेचे बंधन सुटले म्हणजे कर्त्याच्या हाती स्वातंत्र्य आले असे होत नाही, हे या कथेइतके नेमके मी क्वचितच वाचले आहे.

भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये अनेक विश्वांच्या आधारे आजोबांचा पेच सोडवून दाखवला: नातू गोळी झाडतो आणि आजोबा मरतातही, पण दुसऱ्या विश्वातले. नातवाला कोणी अडवले नाही, तर्कालाही बाध आला नाही. फक्त ज्या आजोबांसाठी तो निघाला होता ते त्याच्या मूळ विश्वात पूर्वीइतकेच जिवंत राहिले, आणि जे करायला तो आला होता ते त्याच्या हातून झालेच नाही.