ट्रायपॉड हेड (लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी निवड)

ट्रायपॉडचे पाय आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या, कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून व कलवून तेथेच जखडून ठेवणाऱ्या जोडभागाला ट्रायपॉड हेड म्हणतात. ४×५ इंच किंवा त्याहून मोठी फिल्म वापरणाऱ्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी या भागाची निवड भिंगाच्या निवडीइतक्याच काळजीने करावी लागते. हेड किती वजन पेलते, हा प्रश्न सहसा आधी विचारला जातो. परंतु एका वेळी एकच दिशा बदलता येते का, आणि कळ आवळल्यावर कॅमेरा जिथल्या तिथे राहतो का, हे दोन प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत.

या कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीत भिंग असते, मागच्या चौकटीत प्रतिमा पाहण्यासाठी दुधी काच असते आणि दोहोंना चुण्यांचा भाता जोडतो. घडीच्या ४×५ फील्ड कॅमेऱ्याचे वजन साधारण दीड ते तीन किलो भरते. मोनोरेल कॅमेरे, म्हणजे एकाच दांडीवर चौकटी सरकणारे कॅमेरे, चार किलोंच्या पुढे जातात आणि ८×१० इंचांचे कॅमेरे त्याहूनही जड असू शकतात. मात्र केवळ वजनाच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. ३०० मि.मी.चे भिंग लावून एखादी वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपायची असेल, तर भाता ६०० मि.मी. लांबवावा लागतो, आणि मग एरवी हलके वाटणारे भिंगही हेडच्या सांध्यापासून दूर लोंबू लागते. सांध्यापासून ३० सें.मी. पुढे असलेले एक किलोचे भिंग सुमारे तीन न्यूटन-मीटर एवढ्या जोराने कॅमेरा पुढे झुकवू पाहते. उत्पादकांनी छापलेली भारक्षमता बहुधा भार सांध्याच्या बरोबर वर आहे असे धरून सांगितलेली असते आणि ती मोजण्याची सर्वमान्य पद्धतही नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचे हेड घेणे शहाणपणाचे ठरते.

हेडची खरी कसोटी प्रत्यक्ष कामात लागते. छायाचित्रकार काळे कापड डोक्यावरून घेतो, दुधी काचेवरच्या उलट्या प्रतिमेत इमारतीचा कोपरा चौकटीच्या रेषेला जुळवतो, छोट्या भिंगातून फोकस तपासतो आणि कळ आवळतो. त्याच क्षणी कोपरा केसभर खाली सरकतो. पुढे फिल्म होल्डर, म्हणजे फिल्मची चपटी पेटी, मागच्या चौकटीत सरकवताना स्प्रिंगचा ताण हाताला जाणवतो, फिल्मवरचे सरकते झाकण, म्हणजे डार्क स्लाइड, ओढताना कॅमेऱ्याला आणखी एक हिसका बसतो, आणि एवढे होईपर्यंत दुधी काच झाकली गेलेली असल्यामुळे काय सरकले ते पाहण्याची सोय उरत नाही. कॅमेरा अवघा अर्धा अंश झुकला, तरी ३०० मि.मी.च्या भिंगाने दूरच्या दृश्याची पडलेली प्रतिमा सुमारे २.६ मि.मी. सरकते. भिंग तिरपे करून शाइमफ्लुग तत्त्वानुसार (भिंग कलवले की स्पष्ट दिसणारे प्रतलही कलते) फोकसचे प्रतल जमिनीलगत आणलेले असेल, तर तेही कॅमेऱ्याबरोबर कलते आणि दहा मीटरवर जवळजवळ नऊ सेंटिमीटर चुकते. उद्भासन, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडू देण्याचा काळ, दीर्घ असल्याने अडचण वाढते: आयएसओ १०० च्या फिल्मवर, दाट सावलीत, एफ/३२ एवढ्या लहान छिद्राला दोन सेकंद सहज लागतात, आणि एवढ्या वेळात भात्यावर वारा शिडासारखा आदळत असतो.

छोट्या कॅमेऱ्यांसाठी सर्वांत लोकप्रिय असलेल्या बॉल हेडची रचना खांद्याच्या उखळी सांध्यासारखी असते. ते हलके, आटोपशीर आणि झटपट असते. तरीही मोठ्या कॅमेऱ्याला ते सहसा सोयीचे पडत नाही, कारण एक कळ सैल करताच सगळ्या दिशा एकदम मोकळ्या होतात. आडवी पातळी नीट साधून झाल्यावर कॅमेरा किंचित खाली कलवायचा म्हटले, तर साधलेली पातळीही हातची जाते. त्यातच काचेवरची प्रतिमा वरची खाली आणि डावीकडची उजवीकडे दिसत असल्याने हात चुकीच्या दिशेला वळतो. गुरुत्वमध्य गोळ्याच्या बराच वर असल्याने कळ सैल होताच कॅमेरा एका बाजूला लवंडू शकतो. पाठपिशवीतून डोंगरवाटेने नेण्याच्या हलक्या ४×५ साठी मोठ्या गोळ्याचे, घर्षण कमीजास्त करता येणारे बॉल हेड पुरेसे ठरते. ८×१० साठी ते टाळावे.

तीन दिशांच्या हेडमध्ये फिरणे, पुढे-मागे कलणे आणि बाजूला कलणे यांसाठी वेगवेगळे अक्ष व वेगवेगळ्या कळा असतात. एक दिशा सोडली तरी उरलेल्या दोन जागच्या हलत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. दोष आहे तो दांड्यांचा: मागे आलेला लांब दांडा काळ्या कापडाखाली वाकलेल्या माणसाच्या छातीला किंवा गळ्याला लागतो. त्यामुळे कित्येक जण हेडची मागची बाजू पुढे करून दांडा पुढे काढतात. तसे करण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी: बऱ्याच हेडचे कलणे एका बाजूला ९० अंश, तर दुसऱ्या बाजूला फार थोडे असते.

दातेरी चाकांचे हेड, म्हणजे गिअर्ड हेड, या कामासाठी सर्वांत चोख म्हणावे लागेल. मूठ फिरवली की मळसूत्र चाकाला सावकाश ढकलते, आणि मूठ सोडली की कॅमेरा तेथेच थांबतो. वेगळे आवळणे नसल्याने आवळताना सरकणेही नाही. वास्तुछायाचित्रणात मागची चौकट भिंतीला समांतर आणि काटेकोर उभी ठेवून मग पुढची चौकट वर उचलतात. तेथे पाणसळीचा बुडबुडा पाव अंशाने सरकवण्याची ही सोय अमूल्य ठरते. मॅनफ्रोटो कंपनीच्या ४१०, ४०५ आणि ४०० या हेडची जाहीर क्षमता अनुक्रमे ५, ७.५ आणि १० किलो आहे. आर्का-स्विस कंपनीच्या क्यूब या गिअर्ड हेडमध्ये कॅमेरा कमानींवरून सरकत असल्याने कलतानाही त्याचा तोल फारसा ढळत नाही. ते महाग आहे. जुन्या गिअर्ड हेडचे दाते झिजले की मूठ फिरते पण कॅमेरा हलत नाही, अशी ढील जाणवते. वापरलेले हेड घेताना ते वर भार ठेवूनच तपासावे.

ज्या कॅमेऱ्यात चौकटी वर-खाली व आडव्या सरकतात, त्याला हेडकडून फार कलण्याची अपेक्षा नसते. म्हणूनच मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांसाठी फक्त दोन दिशांना कलणारे, रुंद पाटाचे, बुटके हेड वापरण्याची जुनी पद्धत आजही योग्य आहे; रीस कंपनीची लाकडी ट्रायपॉडवरची हेड या जातीची आहेत. बुटकेपणाने कंप कमी होतो. चित्रफितीसाठीची फ्लुइड हेड आणि लांब भिंगांसाठीची गिंबल हेड हलत्या विषयासाठी घडवलेली असतात. येथे त्यांचा उपयोग नाही.

कॅमेरा हेडवर कसा बसतो, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. मोठ्या कॅमेऱ्याला १/४ इंचापेक्षा ३/८ इंचाचा स्क्रू बरा. लाकडी तळ एकाच स्क्रूवर असेल, तर डार्क स्लाइड ओढताना तो गर्रकन फिरू शकतो. कॅमेऱ्याच्या तळाला लावायच्या पट्टीला उभी कड असावी किंवा दोन स्क्रूंची सोय असावी. तिरप्या कडांची, खोबणीत सरकणारी डव्हटेल पट्टी लांब घेतली, तर भाता लांबवल्यावर कॅमेरा मागे सरकवून तोल साधता येतो. हेडचे पायांशी असलेले नातेही असेच स्क्रूचे असल्याने, कॅमेरा डावीकडे जोरात वळवताना हेडच आट्यांवरून सुटू लागते. चांगल्या ट्रायपॉडच्या माथ्यात यासाठी खालून वर येणारे छोटे स्क्रू असतात, आणि हेड बसवल्यावर ते हेडच्या बुडाला टेकेपर्यंत आवळावे लागतात.